पादऱ्याहून साक्रीला: जुना हिंदुस्तान ट्रॅक्टर ट्रकवर चढवताना

मामांच्या बडोद्याजवळच्या पादरा गावालगतच्या शेतावर पन्नास हॉर्सपॉवरचा हिंदुस्तान बरीच वर्षं शेडमध्ये उभा होता. धुळे जिल्ह्यातल्या साक्रीच्या मावसभावाने तो मागितला आणि मामा चक्क हो म्हणाले. बडोदेकरांना हिंदुस्तान म्हणजे घरचं यंत्र. विश्वामित्रीच्या कारखान्यात 1963 पासून, चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या घडणीवर हे ट्रॅक्टर बनू लागले. 1978 साली कारखाना गुजरात सरकारकडे गेला, 1999 मध्ये महिंद्राने मोठा हिस्सा घेतला. दांडिया बाजारातल्या निम्म्या मराठी घरांतून कोणी ना कोणी तिथे नोकरीला असायचं, त्यामुळे ट्रॅक्टर हलवायचा म्हटल्यावर सल्ल्यांना तोटा नव्हता.

पहिला सल्ला, चालवतच न्या. ते विसरा. तीनशेहून अधिक किलोमीटर, ताशी वीस-पंचवीसच्या वेगाने, डांबरावर जुन्या टायरची नक्षी घासत, मागे ट्रकांचे हॉर्न ऐकत कोण जाणार? ट्रकच बघावा, आणि तोही परतीचा. साक्री-पिंपळनेरचा कांदा घेऊन बडोद्यातल्या सयाजीपुऱ्याच्या मार्केटात गाड्या येतात, त्यांना रिकामं परतायचं नसतं. भाड्याची बोलणी तिथेच करा. मात्र आधी टेप घेऊन ट्रॅक्टर मोजा: एका मडगार्डच्या कडेपासून दुसऱ्याच्या कडेपर्यंत रुंदी, आणि सायलेन्सरच्या टोकापर्यंत उंची. सायलेन्सरचा नळा काढूनच ठेवलेला बरा. बडोद्यात गरनाळ्यांखालून, म्हणजे रेल्वेखालच्या बुटक्या वाटांतून, जायचं असतं हे लक्षात असू द्या. नळा काढल्यावर उरलेल्या तोंडावर डबा पालथा घालून तारेने बांधा, पाऊस आत गेला तर इंजिनाचं काम निघतं.

वजन अंदाजाने सांगू नका. आमचा काट्यावर अडीच टनांच्या वर भरला, कारण मागच्या टायरांत पाणी होतं. नांगरटीला पकड यावी म्हणून भरतात. एकेका चाकात दीड-दोनशे लिटर सहज असतं. ते आदल्या दिवशी काढून टाकावं. व्हॉल्व्ह खाली करून चाक जॅकवर घेतलं की निघतं, पण वेळ खातं.

आता मुख्य गोष्ट, चढवायची जागा. माझं मत स्पष्ट आहे: फळ्या किती मजबूत यापेक्षा जमीन कुठे उंच आहे ते बघा. ट्रकचा पाटा, म्हणजे माल ठेवायचा तळ, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर. अडीच मीटरच्या फळ्या सपाट जमिनीवरून लावल्या तर चढ तीस अंशांचा होतो, म्हणजे भिंतच. तोच ट्रक ऐंशी सेंटिमीटर उंच, घट्ट बसलेल्या बांधाला मागून लावला तर चढ दहा अंशांवर येतो. आम्ही कॅनॉलच्या बाजूचा बांध धरला, आदल्या दिवशी पाणी न दिलेला. ओल्या मातीवर हे काम करू नये.

इथे मामा आणि ड्रायव्हर यांचं जुंपलं. मामांना ट्रॅक्टर सरळ, तोंड पुढे करून चढवायचा होता. ड्रायव्हर म्हणाला, "मामा, ऊंधो चढाववो पडशे," म्हणजे उलटा, रिव्हर्समध्ये. मी ड्रायव्हरच्या बाजूचा. ट्रॅक्टरचं निम्म्याहून जास्त वजन मागच्या चाकांवर असतं. चढावर तोंड वर करून जोर दिला आणि मागची चाकं अडली, तर इंजिनाची ताकद चाकांऐवजी पुढचं धूड उचलायला लागते आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्यावर उलटतो. रिव्हर्समध्ये हा धोका राहत नाही. मामा शेवटी म्हणाले, "तुझं खरं, पण बसणार मी."

बसण्याआधी तीन कामं केली. डाव्या-उजव्या ब्रेकची पेडलं एकमेकांना अडकवली, नाहीतर एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर फळीवरून फिरतो. फळ्या पाट्याला साखळीने बांधल्या, कारण चाकाच्या जोराने त्या मागे सरकतात. आणि ट्रकच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावून पाट्याच्या मागच्या टोकाखाली जाड लाकडाचा टेकू दिला. हा टेकू बरेच जण विसरतात. अडीच टन मागच्या टोकावर येताच ट्रकचं मागचं अंग दबतं आणि फळीचा कोन बदलतो. मग लो रिव्हर्स, क्लच सोडलेला, पाय क्लचवर नाहीच. इशारे एकट्या ड्रायव्हरने बाजूला उभं राहून द्यायचे, मागे कोणी नाही. मामांनी मान वळवून, एका श्वासात नेला.

बांधणीत घाई नको. चार कोपऱ्यांना चार साखळ्या, पुढच्या दोन पुढे ओढणाऱ्या आणि मागच्या दोन मागे. पकड पुढच्या ॲक्सलच्या बीमला आणि मागच्या ॲक्सलच्या हाऊसिंगला द्या. टाय रॉडला (पुढची चाकं वळवणारी दांडी), मागच्या अवजारं उचलणाऱ्या लिफ्टच्या हातांना किंवा मडगार्डला कधीच नाही. युरोपातल्या मालबांधणीच्या नियमांत पुढच्या दिशेने वजनाच्या आठ दशांश आणि बाजूंना व मागे निम्म्या वजनाइतका जोर धरतात. कडक ब्रेक लागला की अडीच टनांना दोन टन पुढे ढकलतात, हे लक्षात ठेवून साखळी निवडा. सुती दोर इथे चालत नाही. टायरांत हवा पुरेशी भरा, नाहीतर टायर दबतात आणि साखळ्या सैल पडतात. ट्रॅक्टर गिअरमध्ये, हँडब्रेक लावलेला, डिझेलचा कॉक बंद, बॅटरीची एक तार सुटी. बॉनेट दोराने आवळा: ट्रॅक्टर उलटा चढवल्यामुळे वारा त्याच्या मागून येतो आणि जुनं बॉनेट उघडतो. सीटची गादी काढून केबिनमध्ये घ्या.

रस्ता पादरा, करजण, भरूच, मग कडोदऱ्याला हमरस्ता सोडून बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर. करजणला चहा घेताना साखळ्या तपासल्या, एक चांगलीच ढिली सापडली. खाचखळग्यांतून पहिल्या पंचवीस-तीस किलोमीटरांत साखळ्या बसतात, तेव्हा पुन्हा आवळाच. भरूचच्या पुलाआधी रांग लागू शकते, त्याचा वेळ धरून निघा. विसरवाडीनंतर कोंडाईबारी घाट येतो. तो उजेडात चढला तर बरं, आणि दहिवेलला पुन्हा एकदा साखळ्यांवर हात फिरवा.

साक्रीला बांध नव्हता, पण रस्त्याच्या भरावाला ट्रक लावता आला. ट्रॅक्टरचं तोंड मागे असल्याने उतरताना सरळच निघाला, लो गिअरमध्ये, क्लच न दाबता.

कागदांचं राहिलं. राज्य बदलून ट्रॅक्टर तिथेच ठेवायचा असेल तर मूळ आरटीओची एनओसी लागते, फॉर्म 28. त्यावर आरसीवरच्या मालकाची सही हवी, म्हणून ट्रक लावण्याआधी आरसी कोणाच्या नावावर आहे ते बघा. आमची आजोबांच्या नावावर निघाली, आणि मामा आता वारसाचे कागद घेऊन आरटीओत खेपा घालताहेत.