सालम मिश्रीचं आइस्क्रीम

इस्तंबूलला जाऊन आलेल्या बहुतेकांच्या मोबाइलमध्ये तो एक व्हिडिओ असतो. जरीचं जाकीट घातलेला आइस्क्रीमवाला, त्याच्या हातात लांब लोखंडी दांडा, दांड्याच्या टोकाला चिकटलेला कोन, आणि कोन घ्यायला पुढे आलेला हात दर वेळी रिकामाच. माझ्याकडेही तो आहे. त्यातला हात माझ्या आईचा आहे.

आई ७२ वर्षांची. गुडघे दुखत असतानाही तकसीम चौकापासून इस्तिकलाल रस्त्यावर ती पायी चालली, जुनी लाल ट्राम दिसली की थांबून बघायची. गाडीवरच्या घंटा वाजल्या तशी म्हणाली, "घ्यायचं का गं एक?" बाबा गेल्यापासून तिने आपण होऊन काही मागितल्याचं मला फारसं आठवत नाही. मी लगेच पैसे देऊन टाकले आणि मोबाइल काढला.

पहिल्यांदा हुकलं तेव्हा ती मनापासून हसली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा हातात नुसता रिकामा कोन आला. तोवर भोवती पंधरावीस माणसं जमली होती आणि "मॅडम, मॅडम" असं ओरडत तो दांडा फिरवत होता. कोन उलटा झाला, आइस्क्रीम तिच्या नाकाला लागलं, पुन्हा वर गेलं. मग आईने हात मागे घेतला आणि शालीत लपवला. "नको गं मला. चल." शेवटी त्याने कोन दिला तो मी घेतला. तिने एक घास खाल्ला, माझ्यासाठी.

रात्री हॉटेलवर व्हिडिओ पाहिला. चौथ्या वेळेपासून तिच्या चेहऱ्यावर हसू नाही, आणि माझं हसणं मात्र शेवटपर्यंत ऐकू येतं. मी पडद्याकडे बघत होते, तिच्याकडे नाही. त्याचं कसब खरं आहे, पोरांना त्यात मजा येते, हेही मान्य. पण खायला म्हणून पुढे केलेल्या हाताला इतक्या वेळा हुलकावणी देऊ नये. निदान समोर कोण उभं आहे ते तरी बघावं. त्याने नाही तर मी बघायला हवं होतं.

पुढचे दोन दिवस आयासोफिया, तोपकापी राजवाडा आणि मसाल्यांच्या बाजारात गेले.

चौथ्या दिवशी एमिनोन्यूच्या धक्क्यावरून कादीकोयची बोट धरली. वीसेक मिनिटांत माणूस युरोपातून आशियात येतो, आणि आईला ते सगळ्या राजवाड्यांपेक्षा जास्त आवडलं. कादीकोयच्या मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत चार टेबलांचं एक दुकान दिसलं. मालक साठीचे, पांढरा ॲप्रन. आत हुकाला एक भलामोठा पांढरा गोळा टांगलेला. हो, आइस्क्रीमच. त्यांनी सुऱ्याने त्याचा जाड काप काढला, बशीत ठेवला, वर पिस्त्याची पूड भुरभुरली आणि बशी दोन्ही हातांनी आईसमोर ठेवली. सोबत काटा आणि सुरी. "आफियेत ओलसुन, तेयझे." जेवणाऱ्याला म्हणायचा हा आशीर्वाद, अंगी लागो अशा अर्थाचा. आणि तेयझे म्हणजे मावशी. मी सांगितल्यावर आईने त्यांच्याकडे पाहून मान लववली.

याला दोंदुर्मा म्हणतात, आणि खरा नावाजलेला मराशचा. शेळीचं दूध, साखर आणि सालेप, बास. लोखंडी दांड्याने कुटून कुटून त्याला इतका चिवटपणा आणतात की सुरीने कापावं लागतं आणि वितळायला वेळ लागतो. दाताखाली ताणतो, मग हळूहळू दुधाची चव सुटते. मला आपल्या खरवसाची आठवण झाली, चवीने नाही, जिभेवरच्या लागण्याने. मालक मराशचेच. २०२३ च्या ६ फेब्रुवारीला भूकंपाने ज्याची धूळधाण झाली ते कहरामानमराश. गावाचं नाव सांगून ते गप्प झाले. आम्ही पुढे काही विचारलं नाही.

आईने मात्र दुसरंच विचारलं. "हे इतकं चिवट कशाने होतं?" मी खुणांनी विचारलं. ते आत गेले आणि दोऱ्यात ओवलेल्या, वाळलेल्या, बोराएवढ्या कंदांची माळ घेऊन आले. "सालेप." आईने हात पुढे केला. त्यांनी ती माळ अलगद तिच्या तळहातावर ठेवली आणि सोडून दिली.

तिने माळ नाकाशी नेली, नखाने एक कंद टोकरून पाहिला. "अगं, ही तर सालम मिश्री!"

खरंच तीच. रानातल्या ऑर्किडचे कंद. माझ्या बाळंतपणात आईने पुण्याच्या काष्ठौषधींच्या दुकानातून आणून डिंकाच्या लाडवांत घातले होते. "सालम," आई म्हणाली. "सालेप," ते म्हणाले. दोघांनी दोनतीनदा एकमेकांना म्हणून दाखवलं. एका किलो पुडीला हजाराच्या वर कंद लागतात आणि एक कंद उपटला की एक झाड गेलं. म्हणून तुर्कस्तानातून खऱ्या सालेपच्या निर्यातीला बंदी आहे, आणि स्वस्त दोंदुर्म्यात त्याच्या जागी गवारीच्या बियांचा गमसुद्धा घालतात. मालकांनी माळ परत मागितली नाही. आईनेच दुसरी बशी संपल्यावर ती दोन्ही हातांनी त्यांना दिली.

परतीच्या बोटीत समुद्रपक्षी पावासाठी कठड्याशी घिरट्या घालत होते. आईचं तिकडे लक्ष नव्हतं. "सालम मिश्री फार घालायची नाही," ती सांगत होती, "आणि पूड वस्त्रगाळच हवी. तुझ्या वेळी मी घाईत चाळून घेतली होती, म्हणून लाडू जरा कचकचले."