पाइनचे लाकूड ओले असतानाच केलेली प्रक्रिया

पाइनचे लाकूड बाहेर टिकत नाही, अशी त्याची ख्याती आहे आणि कोणतीही प्रक्रिया न करता ते पावसात ठेवले तर ती खरीही ठरते. मात्र त्याच ओंडक्यातले बाहेरचे फिके रसकाष्ठ आणि आतले तांबूस, राळयुक्त मध्यकाष्ठ यांचा स्वभाव वेगवेगळा असतो. रसकाष्ठ लवकर कुजते, पण संरक्षक द्रावण सहज शोषून घेते. मध्यकाष्ठ थोडे अधिक तग धरते, पण द्रावणाला आत शिरू देत नाही. त्यामुळे नीट प्रक्रिया केलेले रसकाष्ठ प्रक्रिया न केलेल्या मध्यकाष्ठापेक्षा किती तरी जास्त टिकते. जवळच्या वनातल्या कमी वयाच्या झाडांत रसकाष्ठच जास्त असते, ही तक्रारीची बाब मानली जाते. माझ्या मते ती सोयीची आहे.

दुसरी सोय म्हणजे ओलेपणा. दूरवरून येणाऱ्या फळ्या बहुधा भट्टीत वाळवलेल्या असतात, तर जवळच्या वखारीत नुकतीच चिरलेली, हाताला दमट लागणारी फळी मिळू शकते. बोरॅक्स आणि बोरिक आम्ल या बोरॉनयुक्त संरक्षक रसायनांची प्रक्रिया अशाच लाकडावर उत्तम साधते, कारण बोरॉनचे क्षार लाकडातल्या पाण्यातूनच हळूहळू आत पसरतात. वजनाने सुमारे तीन भाग बोरॅक्स व दोन भाग बोरिक आम्ल गरम पाण्यात विरघळवावे. दोन्ही एकत्र असली की प्रत्येकाची विद्राव्यता वाढते, म्हणून द्रावण बरेच दाट करता येते. हातमोजे आणि मुखपट्टी घालूनच हे काम करावे. फळ्या चिरल्यावर लगेच द्रावणात बुडवाव्यात, कारण उबदार हवेत ओल्या पाइनवर निळसर डाग पाडणारी बुरशी काही दिवसांतच येते. मग फळ्यांची घट्ट थप्पी रचून ती प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळावी, म्हणजे पृष्ठभाग सुकत नाही आणि क्षार आत उतरत राहतात. पातळ फळीला काही आठवडे पुरतात. जाडी दुप्पट झाली की काळ मात्र सुमारे चौपट लागतो, आणि घाई नेमकी इथेच नडते.

क्षार किती खोल गेले, हे पाहण्याची एक सुरेख रीत आहे. एका फळीचा तुकडा कापून छेद सुकू द्यावा, त्यावर हळदीचा अल्कोहोलमधला अर्क लावावा आणि तो वाळल्यावर हायड्रोक्लोरिक व सॅलिसिलिक आम्लाचे अल्कोहोलमधले द्रावण फवारावे. बोरॉन पोहोचलेला भाग लालसर होतो, न पोहोचलेला पिवळाच राहतो. कडेने लाल चौकट आणि मध्ये पिवळा पट्टा दिसला, तर थप्पी पुन्हा झाकून ठेवावी.

या प्रक्रियेची मर्यादा स्पष्ट आहे: जे क्षार पाण्यातून आत गेले, ते पाण्याबरोबर बाहेरही येतात. म्हणून बोरॉन दिलेले लाकूड जमिनीत पुरू नये आणि उघड्यावर वापरताना त्याला पाणी अडवणारा थर द्यावाच. कुंपणाच्या खांबांसाठी कारखान्यात दाबाखाली तांबेयुक्त द्रावण भरलेले लाकूडच घ्यावे. या जातीचे तांबे-क्रोमियम-आर्सेनिक हे प्रसिद्ध मिश्रण सोंटी कामेशम या भारतीय शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये शोधले; आर्सेनिकमुळे घरगुती वापरात ते पुढे अनेक देशांत मागे पडले आणि आर्सेनिक नसलेली तांब्याची मिश्रणे आली. त्यांच्या संपर्कात साधे खिळे लवकर गंजतात, म्हणून जाड जस्तलेपाचे किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरावेत. अशा लाकडाचे तुकडे चुलीत किंवा शेकोटीत कधीही जाळू नयेत.

वरच्या थराबद्दल माझे मत थोडे कडवट आहे. पारदर्शक व्हार्निश फोटोत सुंदर दिसते, पण सूर्याचे अतिनील किरण त्यातून आरपार जाऊन लाकडातल्या लिग्निनचे, म्हणजे तंतूंना एकत्र धरून ठेवणाऱ्या घटकाचे, विघटन करतात. मग थर सुटतो आणि त्याखाली पाणी अडकते. नुसते कच्चे जवसाचे तेल वरवरच राहते आणि काळ्या बुरशीला खाद्य पुरवते. रंगद्रव्य असलेला, लाकडात मुरणारा आणि आतली वाफ बाहेर जाऊ देणारा लेप मला सर्वांत भरवशाचा वाटतो, मात्र तो लाकूड पूर्ण वाळल्यावरच द्यावा. फळीच्या टोकांना त्याचे दोन-तीन हात जास्त द्यावेत, कारण तिथल्या उघड्या तंतुनलिका बाजूंच्या मानाने कितीतरी वेगाने पाणी ओढतात.

लाकडातली आर्द्रता सुमारे २० टक्क्यांच्या खाली राहिली, तर कुजवणारी बुरशी वाढूच शकत नाही. त्यामुळे अशा लाकडाचे बाक बाहेरच्या वापरासाठी करताना फळ्यांमध्ये फट ठेवणे, वरच्या पृष्ठभागाला किंचित उतार देणे आणि पाय दगडावर किंवा धातूच्या बैठकीवर टेकवणे, ही कामे रसायनाइतकीच मोलाची आहेत. पुढे दरवर्षी पावसाळ्याआधी फळीवर थोडे पाणी शिंपडून पाहावे. थेंब गोल न राहता लगेच मुरला, तर लेपाचा नवा हात देण्याची वेळ झाली आहे.