आयुर्वेदिकच आहे, घेऊ का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. सोलापुरात औषधाच्या काउंटरवर हा प्रश्न रोजचा आहे: "पाळी पुढेमागे होते, हार्मोन्सचा प्रॉब्लेम आहे म्हणतात. शतावरी, अशोकारिष्ट असलं काही चालू करू का? आयुर्वेदिकच आहे, साइड इफेक्ट तर नसेल ना?" विचारणारीच्या हातात बहुतेक वेळा रिपोर्ट नसतो. तिथूनच घोळ सुरू होतो.

वनस्पतींची औषधं जरूर घेता येतात, पण बिघाड कुठल्या हार्मोनचा आहे ते आधी कळू द्या. पाळी लांबते तेव्हा थायरॉइड मंद असेल, प्रोलॅक्टिन (दूध येण्याचं हार्मोन) वाढलं असेल, पीसीओडी (बीजकोशाचा हार्मोन-बिघाड) असेल, पाळी जाण्याचं वय जवळ आलं असेल किंवा चक्क दिवस गेले असतील. प्रत्येकाचा उपाय वेगळा. म्हणून आधी घरीच प्रेग्नन्सी किटवर तपासा. मग टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी, थायरॉइड मंद असेल तर हा आकडा वाढतो), प्रोलॅक्टिन, उपाशीपोटीची साखर, आणि डॉक्टर म्हणाले तर सोनोग्राफी. बाहेरची लॅब परवडत नसेल तर सिव्हिलची ओपीडी आहे. सलग तीन महिने पाळी आली नाही तर काढे करत बसू नका. गर्भाशयाचं अस्तर साचत जातं, आणि वर्षानुवर्षं असंच चाललं तर त्यातून कॅन्सरचा धोका वाढतो.

सगळ्यात जास्त चुकीचं घेतलं जाणारं औषध म्हणजे अशोकारिष्ट. ते परंपरेने दिलं जातं पाळीत रक्त जास्त जातं तेव्हा. पाळी येतच नाही म्हणून घेणाऱ्या बायका नेमकं उलट औषध घेत असतात. मात्रा 12 ते 24 मिली, तेवढंच पाणी घालून, जेवणानंतर दोनदा. अरिष्ट गुळात आंबवतात, त्यामुळे त्यात आपोआप तयार झालेलं 5 ते 10 टक्के अल्कोहोल असतं. मधुमेह असेल, लिव्हरचं दुखणं असेल, मेट्रोनिडाझोल या जंतुनाशक गोळीचा कोर्स चालू असेल, तर ते नको. अशोकाची सुटी साल आणून घरी उकळू तर अजिबात नका. आपल्याकडे बंगल्यांच्या कुंपणाला सरळसोट उंच वाढलेला दिसतो तो खोटा अशोक. औषधातला सीता-अशोक वेगळा, त्याला केशरी-लाल फुलांचे झुबके येतात, आणि त्याच्या सालीत भेसळ सर्रास होते. पंचेचाळिशीनंतर अचानक जास्त जायला लागलं, किंवा पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा डाग दिसला, तर अरिष्टाची बाटली बाजूला ठेवा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.

शतावरी स्वभावाने सौम्य, पण शतावरी कल्पाच्या (दुधातून घ्यायच्या गोड दाण्यांच्या) डब्याची मागची बाजू वाचा. बऱ्याच कल्पांत मोठा वाटा साखरेचाच असतो. दोन चमचे सकाळी, दोन संध्याकाळी म्हणजे दिवसाला 20 ग्रॅमच्या आसपास कल्प, आणि त्यातली बरीचशी साखर. पीसीओडीत मुळात इन्सुलिनचं काम बिघडलेलं असतं, तिथे ही साखर रोज दुधातून घालायची कशाला? घ्यायचीच तर शतावरीचं साधं चूर्ण, वैद्यांना विचारून. हार्मोनशी निगडित स्तनाच्या कॅन्सरचा इतिहास असेल तर शतावरी टाळावी, कारण तिच्यात इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखं वागणारे घटक असतात.

अश्वगंधाबद्दल मी जास्त काटेकोर आहे. ताण, झोप यांवर तिचा थोडा फायदा होतो, ते मान्य. पण ती थायरॉइड हार्मोन वाढवू शकते. थायरॉइडची गोळी चालू असताना वर अश्वगंधा घेतली की छातीत धडधड, हाताला कंप, घाम. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात याला "ऊन लागलं" म्हणून सोडून देतात आणि औषध चालूच राहतं. क्वचित लिव्हरला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. अंगाला खाज, गडद पिवळी लघवी, डोळे पिवळे दिसले की त्याच दिवशी बंद. गरोदरपणात घेऊच नये.

ज्येष्ठमधाचं चूर्ण महिनोन्‌महिने खाल्लं तर पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. बीपीच्या किंवा लघवीच्या गोळ्या चालू असतील तर ते नकोच. कांचनार गुग्गुळ 'थायरॉइडच्या गाठीचं औषध' म्हणून सर्रास दिला जातो. गुग्गुळामुळे प्रोप्रानोलॉल, डिल्टियाझेम या हृदयाच्या गोळ्यांचा असर कमी होतो, हे मात्र कुणी सांगत नाही.

आता सकाळचं मेथीचं पाणी. साखरेवर मेथीचा थोडा उपयोग होतो. अडचण वेळेची आहे. थायरॉइडची गोळीही उपाशीपोटी, मेथीही उपाशीपोटी, आणि मेथीचा चिकट चोथा गोळी पोटात धरून ठेवतो. मग टीएसएच उतरत नाही आणि डॉक्टर डोस वाढवतात. उठल्यावर गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्या. चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. मेथी आणि जवसाची चटणी दुपारी भाकरीबरोबर. कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या चार तासांनी. मधुमेहाच्या गोळीवर असाल तर मेथी सुरू केल्यावर घरच्या मशीनवर साखर बघत जा, ती जास्त उतरू शकते.

पुदिन्याचा चहा, रोज दोन कप, पीसीओडीत पुरुषी हार्मोन थोडं खाली आणतो असं एका छोट्या चाचणीत दिसलं. चेहऱ्यावरची लव मात्र महिनाभरात कमी झाली नाही. बाजारातली जाड, कडक सालीची दालचिनी बहुधा कॅसिया जातीची असते. तिच्यात कुमारिन असतं, लिव्हरला त्रास देणारं. भाजीत चिमूटभर ठीक, रोज चमचाभर नको. वजन जास्त असेल तर ते 5 ते 10 टक्क्यांनी उतरवण्याने पाळीत जितका फरक पडतो, तितका यातल्या कुठल्याच चूर्णाने पडत नाही.

सगळ्यात भीती वाटते ती बिनलेबलच्या पुडीची, मग ती सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतली असो की पाहुण्यांनी आणलेली. आठवड्यात 'गुण' आला, भूक वाढली, चेहरा गोल झाला तर आत स्टेरॉइड असल्याचा संशय घ्या. आणि अशी पुडी बरेच दिवस घेत असाल तर एकदम थांबवू नका, बीपी कोसळू शकतं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. 2008 मध्ये 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या तपासणीत, इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या 193 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे पाचव्या भागात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. रसौषधींत, म्हणजे धातू-खनिजं घालून केलेल्या औषधांत, प्रमाण जास्त. म्हणून लेबलवर लायसन्स नंबर, बॅच, एक्स्पायरी आणि प्रत्येक गोळीतलं घटकांचं वजन असल्याशिवाय घेऊ नका.

सुरू करायचंच ठरलं तर एका वेळी एकच औषध. आधीची टीएसएच, साखर, बीपी आणि पाळीच्या तारखा एका वहीत लिहा. तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये त्याच तपासण्या करा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त द्यायच्या दोन-तीन दिवस आधी थांबवा, त्यामुळे थायरॉइडचा रिपोर्ट खोटा येतो. आकडे हलले नसतील तर ते औषध बंद करा.