सोलापूरचं ऊन, प्यायचं पाणी : आमची वाटचाल

होटगी रस्त्यावरच्या आमच्या शेडमध्ये आधी ग्रिल, शटर आणि सोलर हीटरचे स्टँड व्हायचे. पाण्याकडे आम्हाला वळवलं ते 2016 च्या दुष्काळानं. मिरजेहून लातूरला पाणी नेणारी रेल्वे तेव्हा आपल्याच कुर्डुवाडी-बार्शीवरून जात होती. स्टँड बसवायला माढा, मोहोळ, मंगळवेढ्याकडच्या गावांत गेलो की एकच चित्र दिसायचं. टँकरचं पाणी दारातल्या बॅरलमध्ये, बॅरलमधून घागरीत, घागरीत तांब्या आणि तांब्यासोबत बोटं. पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलेलं असलं तरी दोन-तीन दिवस बॅरलमध्ये राहिल्यावर त्याचा असर कितीसा उरणार? लहान पोरांच्या जुलाबांचं मूळ पुष्कळदा या शेवटच्या दहा पावलांत असतं, हे आम्हाला तिथं उमगलं.

ओळखीच्या एका प्राध्यापकांनी मग ‘सोडिस’, म्हणजे उन्हानं पाण्यातले जंतू मारायची पद्धत, समजावून सांगितली. बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातले आफ्तिम अक्रा यांनी यावर सुरुवातीचं काम केलं आणि 1991 पासून स्वित्झर्लंडच्या ‘इवाग’ संस्थेनं ते पुढं नेलं. पद्धत सोपी आहे. पारदर्शक पेट प्लॅस्टिकच्या बाटलीत (तळाला त्रिकोणात 1 आकडा असतो ती, जास्तीत जास्त दोन लिटरची) गाळलेलं पाणी पाऊण भरायचं, झाकण लावून चांगलं खळखळवायचं, मग काठोकाठ भरून बाटली सहा तास कडक उन्हात आडवी ठेवायची. उन्हातले अतिनील-अ किरण जंतूंच्या डीएनएवर घाव घालतात. खळखळवल्यानं पाण्यात मिसळलेला ऑक्सिजन त्या कामाला हातभार लावतो आणि पाणी पन्नास अंशांच्या वर तापलं तर काम आणखी लवकर होतं. आपल्याकडचा एप्रिल-मे त्याला अगदी सोयीचा! आम्हाला सगळ्यात पटलं ते हे, की त्याच बाटलीतून पाणी प्यायचं असतं, म्हणजे मधे बोट बुडवायला जागाच राहत नाही.

पण बाटली फुकट, ऊन फुकट, मग आम्ही विकायचं काय? स्टँड. माळवदावर बाटल्या वाऱ्यानं गडगडतात, वानरं उचलून नेतात, सावली सरकली की अर्धा दिवस वाया जातो. आम्ही नालीदार पत्र्याचं, दक्षिणेकडं उतार दिलेलं स्टँड केलं. प्रत्येक नालीत एक बाटली आडवी बसते आणि तिच्यावरून एक तार जाते. पत्र्याला रंग देत नाही, चकाकता ठेवतो, म्हणजे खालूनही उजेड परत बाटलीवर पडतो.

माढ्याकडच्या एका आज्जींनी पहिल्याच दिवशी विचारलं, “आरं बाबा, ऊन पाण्यानं तहान भागतीय व्हय?” प्रश्न खरा होता. त्यांच्या सुनेनंच तोड काढली. संध्याकाळी झाकण न उघडता बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून पडवीत ठेवायच्या, त्या सकाळी पाजायच्या. म्हणून घरटी बाटल्यांचे दोन संच लागतात, एक उन्हात, एक पिण्यात. आता आम्ही हे प्रत्येक घरी आधीच सांगतो.

स्टँड देण्याआधी पाणी बघायचं, हा आमचा नियम आहे. भरलेली बाटली वर्तमानपत्रावर उभी ठेवून वरून बघायची. खालची मोठी अक्षरं वाचता आली नाहीत तर पाणी गढूळ आहे, आधी तुरटी फिरवून निवळून घ्या. जंतूंसाठी एच-टू-एसची कुपी असते. पाणी भरून एक-दोन दिवस ठेवल्यावर ती काळी पडली तर पाणी दूषित समजायचं. आणि बोअरचं पाणी खारं असेल किंवा त्यात फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर असेल तर आम्ही स्टँड विकतच नाही. ऊन जंतू मारतं, क्षार आणि फ्लोराइड जसंच्या तसं राहतं. “तुमच्या बाटलीनं सगळं शुद्ध होतं ना?” असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणं जड जातं, तरी म्हणावंच लागतं. पिणारी त्यांची लेकरं असतात.

खाऱ्या पाण्यासाठी आम्ही काचेच्या झाकणाची ऊर्ध्वपातन पेटी करतो. पाण्याची वाफ काचेला लागते आणि थेंब उतारावरून पन्हळीत उतरतात, क्षार तळाशी राहतात. चांगल्या उन्हात चौरस मीटरला दिवसाकाठी तीनेक लिटर मिळतं. कुटुंबाला तेवढं पुरत नाही, पण गॅरेजवाले आणि इन्व्हर्टरवाले बॅटरीसाठी हेच पाणी घेतात. खरं सांगायचं तर धंदा तगला तो या पेट्यांवर. त्यातूनच बाटल्यांची स्टँडं आम्ही जवळपास खर्चाच्या भावात देऊ शकतो. मधे एका कार्यालयानं अंगणवाड्यांच्या कामाचं बिल इतकं रखडवलं, की पत्रा उधारीवर आणावा लागला होता. तेव्हाही पेट्यांनीच पगार भागवले.

पावसाळ्याचं गणित वेगळं. अर्ध्याहून जास्त आभाळ भरलेलं असेल तर बाटली सलग दोन दिवस ठेवायची. झड लागली तर उन्हाच्या भरवशावर राहू नका, पाणी उकळा किंवा आशाताईंकडून मेडिक्लोरचे (क्लोरीनचे) थेंब घ्या.

सध्या स्टँडची जोडणी दोन बचत गटांतल्या महिला करतात आणि बाटल्या ओरखडून धुरकट झाल्या की बदलायला सांगायचं कामही त्याच करतात. स्टँडचा नकाशा आम्ही मागेल त्याला फुकट देतो. तुमच्या गावात वेल्डर असेल तर त्याच्याकडून करून घ्या, वाहतुकीचा खर्च वाचेल.