डेल्टा सेफी: एकतीस नोंदी आणि वक्राचा पहिला आकार

वृषपर्वा (सेफियस) तारकासमूहातल्या डेल्टा या तेज बदलणाऱ्या ताऱ्याची एकतिसावी नोंद काल रात्री झाली. तारखांनुसार मांडल्या तेव्हा कागदावर मोहरी सांडल्यासारखे ठिपके दिसत होते. मग प्रत्येक नोंदीच्या ज्युलियन दिनांकातून (दिवसांची सलग मोजणी) एका महत्तम तेजाची वेळ वजा केली, ५.३६६ दिवसांच्या आवर्तकालाने (तेजाच्या एका फेरीला लागणारा वेळ) भागलं आणि फक्त अपूर्णांक ठेवला. ठिपके रांगेला लागले! चढ उभा, जेमतेम दीड दिवसाचा. उतार मात्र जवळजवळ चार दिवस रेंगाळणारा. सेफीड, म्हणजे ठरावीक लयीत फुगत-आकसत तेज बदलणाऱ्या ताऱ्याची हीच ओळख. कितीतरी वेळ कागद हातातून सोडवेना.

तुलनेला शेजारचेच दोन तारे घेते: झीटा (प्रत ३.४) आणि एप्सिलॉन (४.२). प्रत म्हणजे तेजाचा आकडा; तो जितका लहान, तितका तारा उजळ. परवा डेल्टा एप्सिलॉनकडे झुकला होता. दोघांमधल्या फरकाचे चार भाग कल्पले, तर झीटापासून तीन भाग खाली. म्हणून नोंद ४.०.

पहिल्या आठवड्यातल्या नोंदी मात्र वक्राच्या खाली पडतात, काही तर ०.२ प्रतीने. कारण बहुधा झीटाच. तो नारिंगी आहे, आणि तांबूस ताऱ्याकडे टक लावली की तो डोळ्याला उगाच उजळ वाटत जातो; त्याच्यापुढे डेल्टा फिका ठरतो. आता तिघांवरून नजर झरझर फिरवते आणि पहिला अंदाज लगेच लिहिते. जुने आकडे खोडलेले नाहीत. सातवी नोंद तेवढी वगळली, कारण त्या रात्री अपेक्षित प्रत आधी पाहिली होती. ते निरीक्षण म्हणताच येत नाही. नवीन कुणी सुरुवात करत असेल तर कृपा करून एवढं एक पथ्य पाळाच.

याच डेल्टाचं रूपविकारित्व, म्हणजे तेज बदलत राहणं, जॉन गुडरिकने १७८४ मध्ये टिपलं, वयाच्या विसाव्या वर्षी. त्याला ऐकू येत नव्हतं, आणि बाविसावं वर्षही त्याला लाभलं नाही. पुढे १९१२ मध्ये हेन्रिएटा लेविटने लहान मॅजेलनी मेघ या शेजारच्या दीर्घिकेतल्या २५ ताऱ्यांवरून दाखवलं की आवर्तकाल जितका मोठा, तितका तारा मुळातच तेजस्वी. दीर्घिकांची अंतरं मोजण्याची वाट तिथून निघाली. झीटा-एप्सिलॉनच्या मध्ये डेल्टा बसवताना हे दोघं हटकून आठवतात.

आता ययाती तारकासमूहातला अल्गोल. दर २.८७ दिवसांनी ग्रहण (जोडीचा मंद तारा आड येतो), प्रतीची २.१ वरून ३.४ पर्यंत घसरण, उतार-चढ मिळून साधारण दहा तास. इथे रात्री एक नोंद पुरणार नाही. दर वीस मिनिटांनी एक घेणार आहे. वहीत रकाने आखून ठेवलेत.