गव्हर्नर व्हान्स यांच्या दफ्तरातली पत्रे

अमेरिकन यादवी युद्धाचा इतिहास बहुधा गेटिसबर्ग, व्हिक्सबर्ग अशा रणांगणांच्या क्रमाने सांगितला जातो. मला त्या युद्धात खरा रस वाटू लागला तो एका गव्हर्नरच्या पत्रव्यवहारामुळे. नॉर्थ कॅरोलायना राज्याचे गव्हर्नर झेब्युलन बेअर्ड व्हान्स यांच्याकडे सप्टेंबर 1862 ते एप्रिल 1865 या काळात जी पत्रे आली आणि त्यांनी जी पाठवली, त्यांचा मोठा भाग आज रॉली येथील राज्य दफ्तरखान्यात आहे, आणि बराचसा छापलेलाही आहे. अमेरिकेतला गव्हर्नर लोकांनी निवडून दिलेला असतो आणि राज्याचा कारभार तोच चालवतो. त्यामुळे आपल्याकडच्या राज्यपालापेक्षा मुख्यमंत्र्याशी त्याची तुलना अधिक योग्य ठरेल. तक्रार घेऊन जायचे तर याच माणसाच्या दारी, हे तिथल्या शेतकऱ्याला आणि शेतकऱ्याच्या बायकोलाही पक्के ठाऊक होते.

व्हान्स मूळचे पश्चिमेकडच्या डोंगराळ बंकम काउंटीचे (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग). संघराज्यातून, म्हणजे अमेरिकेतून, राज्याने फुटून निघण्याला त्यांचा अगदी शेवटपर्यंत विरोध होता. एप्रिल 1861 मध्ये संघराज्याच्या ताब्यातल्या फोर्ट सम्टर या किल्ल्यावर दक्षिणेने तोफा डागल्या आणि अध्यक्ष लिंकन यांनी राज्यांकडे 75,000 सैनिकांची मागणी केली, तेव्हा कुठे त्यांनी बाजू बदलली. 20 मे 1861 रोजी राज्य फुटून निघाले, तोवर व्हान्स सैन्यात दाखल झालेही होते, आणि पुढे ते 26व्या नॉर्थ कॅरोलायना पलटणीचे कर्नल झाले. ऑगस्ट 1862 च्या निवडणुकीत ते गव्हर्नर म्हणून निवडून आले, तेव्हा त्यांचे वय अवघे 32 होते. फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या महासंघाची राजधानी रिचमंड इथे होती. तिथल्या सत्ताधाऱ्यांना हा माणूस पहिल्यापासूनच थोडा संशयास्पद वाटत आला, आणि व्हान्स यांनाही ते चांगले माहीत होते.

व्हान्स आणि महासंघाचे अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस यांच्यातला पत्रांचा वाद प्रसिद्ध आहे. एप्रिल 1862 मध्ये महासंघाने 18 ते 35 वयाच्या गोऱ्या पुरुषांची सक्तीची सैन्यभरती सुरू केली, त्याच वर्षी वयाची मर्यादा 45 पर्यंत वाढवली आणि पुढे फेब्रुवारी 1864 मध्ये ती 17 ते 50 अशी केली. राज्यांचे हक्क राखण्यासाठी संघराज्य सोडले असे सांगणाऱ्या महासंघाने राज्यांच्या माणसांवर, धान्यावर आणि न्यायालयांवर वॉशिंग्टनने कधी गाजवला नव्हता असा अधिकार गाजवायला सुरुवात केली. व्हान्स यांची तक्रार नेमकी हीच होती, आणि ती त्यांनी फारसा आडपडदा न ठेवता मांडली. डिसेंबर 1863 मध्ये युद्धमंत्री जेम्स सेडन यांना लिहिलेल्या पत्रात, राज्यात धुमाकूळ घालणाऱ्या महासंघाच्याच घोडदळाबद्दल ते म्हणतात की, बायबलमध्ये देवाने एकामागून एक पीडा पाठवलेल्या इजिप्तच्या राजाचे, फारोचे, मन तरीही कठोरच राहिले असते तर त्याच्या इजिप्तसाठी देवाने याहून भयंकर अशी एखादी पीडा राखून ठेवली असेल, ती अशा अर्ध्यामुर्ध्या शस्त्रांच्या आणि अर्धवट शिस्तीच्या घोडदळाचीच असली पाहिजे. सरकारी टपालात असे वाक्य लिहिणारा माणूस मला आवडतो, हे मान्य करायला हवे. ते आवडणे कुठवर टिकते, ते पुढे येईलच.

हा वाद दोन हट्टी माणसांचा किंवा घटनेच्या दोन अर्थांचा वाद म्हणून वाचण्याची पद्धत आहे. मला ते अपुरे वाटते. रिचमंडला गेलेली पत्रे वाचताना त्याच आठवड्यांत खालून आलेली पत्रे शेजारी ठेवावीत. मग लक्षात येते की व्हान्स यांच्या तत्त्वनिष्ठ युक्तिवादाच्या मागे बहुतेक वेळा कुणाची तरी रिकामी कणगी असते.

18 मार्च 1863 रोजी सॉल्झबरी गावात सुमारे पन्नास बायका कुऱ्हाडी घेऊन व्यापाऱ्यांच्या दारात उभ्या राहिल्या. सरकार ज्या दराने पीठ घेते त्या दराने आम्हालाही द्या, एवढीच त्यांची मागणी होती. एका दुकानदाराने दार लावून घेतले, तेव्हा त्यांनी ते फोडायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी नव्हे, तर दोनतीन दिवस विचार करून त्यांच्यातल्या एकीने गव्हर्नरला पत्र लिहिले. त्या पत्रात माफीचा सूर नाही. आम्ही सगळ्या सैनिकांच्या बायका आणि आया आहोत, असे ती सांगते आणि लगेच हिशेब मांडते: सैनिकाचा महिन्याचा पगार 11 डॉलर, आणि बाजारात पिठाचे पिंप 50 डॉलरला. त्या 11 डॉलरमध्ये घर कसे चालवायचे, हा प्रश्न ती गव्हर्नरला विचारते. पुढे मांस, सरपण, अंडी, काकवी असा एकेका जिन्नसाचा भाव लिहिते. राज्याच्या अर्थस्थितीवरचा इतका नेमका अहवाल व्हान्स यांना त्यांच्या कुठल्याही अधिकाऱ्याने दिला असेल, असे मला वाटत नाही.

त्याच्या महिनाभर आधी ब्लेडन काउंटीतून आलेले पत्र याहून उग्र आहे. लिहिणाऱ्यांनी नावे न देता स्वतःला 'रेग्युलेटर' म्हणवून घेतले आहे. हे नाव त्यांनी त्याच राज्यात शंभर वर्षांपूर्वी वसाहतीच्या गव्हर्नरविरुद्ध उठलेल्या शेतकऱ्यांकडून उचलले होते. मका ठरावीक भावात मिळाला पाहिजे, नाहीतर आता भाकरी किंवा रक्त, आणि पुरुष-बायका दोघेही त्यासाठी मरायला तयार आहेत, असे ते बजावतात. शुद्धलेखन जागोजागी चुकलेले आहे, अर्थ मात्र कुठेही चुकत नाही.

सगळीच पत्रे अशी धमकीची नाहीत. नवऱ्याला शेतीच्या हंगामापुरते तरी घरी पाठवा, चौथ्या मुलाला तरी नेऊ नका, मीठ मिळत नाही, कापूस पिंजायच्या दातेरी फण्या मिळत नाहीत म्हणून मुलांच्या अंगावर कपडा नाही, अशा विनंत्या या दफ्तरात फार मोठ्या प्रमाणावर आहेत. त्यांतल्या कित्येकींच्या मनात एकच गोष्ट खदखदते आहे. ऑक्टोबर 1862 च्या कायद्याने वीस किंवा अधिक गुलाम असलेल्या मळ्यामागे एका गोऱ्या पुरुषाला भरतीतून सूट मिळाली होती. ज्यांच्याकडे एकही गुलाम नाही त्यांचे पुरुष आघाडीवर आणि ज्यांच्याकडे वीस आहेत त्यांचा माणूस घरी, ही गोष्ट लिहिता न येणाऱ्या बाईनेही शेजाऱ्याकडून लिहवून घेऊन गव्हर्नरच्या कानावर घातली.

व्हान्स यांनी यावर काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. त्यांनी राज्यातर्फे मीठ तयार करवले आणि काउंटीकाउंटीत वाटले. राज्यासाठी एक जहाज विकत घेतले, त्याला 'ॲडव्हान्स' असे नाव दिले आणि उत्तरेच्या आरमाराची नाकेबंदी चुकवून ते विल्मिंग्टनच्या बंदरातून कापूस बाहेर नेऊ लागले आणि कापड, बूट, औषधे, पिंजण्याच्या फण्या आत आणू लागले. नाकेबंदीमुळे दक्षिणेचा कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोचेनासा झाला होता, आणि त्याच टंचाईने खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला कधी न मिळालेला भाव मिळून मुंबईत सट्ट्याचा तो प्रसिद्ध पूर आला, जो 1865 मध्ये युद्ध संपताच ओसरला. विल्मिंग्टनहून निसटणाऱ्या प्रत्येक गाठीचे मोल मुंबईतल्या दलालालाही तितकेच कळत असणार. जहाजातली किती जागा महासंघाच्या मालासाठी राखायची, यावरूनही व्हान्स आणि रिचमंड यांच्यात दीर्घ आणि कंटाळवाणा पत्रव्यवहार झाला आहे. तो मी सोडून देतो.

डोंगराळ भागातून आलेली पत्रे मात्र सोडता येत नाहीत. जानेवारी 1863 मध्ये मॅडिसन काउंटीत संघराज्याच्या बाजूच्या काही लोकांनी मार्शल गाव लुटले, मुख्यतः मिठासाठी. पाठोपाठ 64वी नॉर्थ कॅरोलायना पलटण शेल्टन लॉरेलच्या खोऱ्यात शिरली. व्हान्स यांनी आधीच लष्करी अधिकाऱ्यांना कळवले होते की या भरकटलेल्या माणसांशी फार कठोरपणे वागले जाऊ नये. त्याचा उपयोग झाला नाही. पकडलेल्या माणसांना खटल्यासाठी टेनेसीत नेत असल्याचे सांगून वाटेत तेरा जणांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांत कोवळी मुले होती. हे व्हान्स यांना कळले ते सरकारी वकील ऑगस्टस मेरिमन यांच्या पत्रांतून. मेरिमन यांनी मृतांची यादी पाठवली, आणि पुरुषांचा ठावठिकाणा काढण्यासाठी खोऱ्यातल्या बायकांना फटके मारले गेले, गळ्यात दोर अडकवून टांगले गेले, हेही लिहिले. व्हान्स यांनी सेडन यांच्याकडे जबाबदार अधिकारी लेफ्टनंट कर्नल जेम्स कीथ यांच्यावर कारवाईची मागणी केली आणि ती लावून धरली. कीथ यांना राजीनामा देऊन सैन्यातून मोकळे होता आले.

या प्रकरणातले व्हान्स मनात ठेवून 1864 च्या शरद ऋतूत पोचले की वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो. मधल्या काळात बरेच घडून गेले होते. 1863 च्या उन्हाळ्यात वृत्तपत्राचे संपादक विल्यम होल्डन यांच्या प्रेरणेने राज्यभर शांततेसाठी सभा भरल्या. सप्टेंबरमध्ये रॉलीतून जाणाऱ्या जॉर्जियाच्या सैनिकांनी होल्डन यांचा छापखाना उद्ध्वस्त केला आणि दुसऱ्याच दिवशी होल्डन यांच्या समर्थकांनी विरोधी पत्राचा छापखाना मोडून परतफेड केली. 30 डिसेंबर 1863 रोजी व्हान्स यांनी डेव्हिस यांना सुचवले की शत्रूशी वाटाघाटींचा काही प्रयत्न करावा. त्यांना शांतता हवी होती असा याचा अर्थ काढणे चूक ठरेल, कारण त्याच पत्रात ते सांगतात की देऊ केलेल्या अटी शत्रूने फेटाळल्या की लोक नव्या जोमाने युद्धामागे उभे राहतील. डेव्हिस यांनी 8 जानेवारीला उत्तर देऊन असले प्रयत्न कसे फोल ठरले ते सांगितले आणि राज्यातल्या 'वाईट माणसां'ना वेळीच आवरण्याचा इशारा दिला. पुढे बंदीप्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे अटक झालेल्याला न्यायालयापुढे उभे केले जाण्याचा, हक्क स्थगित करण्यावरून दोघांत इतके खटके उडाले की मार्च 1864 च्या अखेरीस डेव्हिस यांनी यापुढे पत्रे केवळ सरकारी कामापुरती असावीत असे कळवून टाकले. ऑगस्टमधल्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत व्हान्स यांनी होल्डन यांना मोठ्या मताधिक्याने हरवले.

निवडणूक झाली आणि पळून आलेल्या सैनिकांविरुद्धची मोहीम अधिक कडक झाली. रँडॉल्फ, चॅटम, मूर या काउंट्यांत क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या आणि इतर युद्धविरोधी लोकांची वस्ती बरीच होती आणि रानात लपलेल्या सैनिकांना घरच्यांचा आधार होता. राज्याच्या होमगार्डांनी त्यांच्या बायकांना धरून नेले. सरकारी वकील टॉमस सेटल यांनी चौकशी करून व्हान्स यांना कळवले की दिवस भरत आलेल्या गरोदर बायकांनाही घरातून ओढून नेले गेले. एका पळालेल्या सैनिकाच्या बायकोचे अंगठे पाठीमागे बांधून तिला झाडाला टांगले आणि नंतर तेच अंगठे कुंपणाच्या आडव्या लाकडांखाली दाबले, असे तो प्रकार करणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतःच सेटल यांना सांगितले होते. बायकांवरचा हा अत्याचार शेल्टन लॉरेलमध्ये महासंघाच्या पलटणीने केला तेव्हा व्हान्स रिचमंडशी भांडले होते. आता तो त्यांच्याच हुकमतीखालच्या माणसांनी केला होता. त्या तीव्रतेचे पत्र या वेळी लिहिले गेले नाही, आणि लिहायचे तर ते कुणाला, असाही प्रश्न होताच.

खुद्द दफ्तराची एक मर्यादा याहून मोठी आहे. 1860 च्या जनगणनेनुसार नॉर्थ कॅरोलायनाची लोकसंख्या 9,92,622 होती आणि तींपैकी 3,31,059 माणसे गुलाम होती. स्वतः व्हान्सही गुलामांचे मालक होते. राज्यातल्या प्रत्येक तिसऱ्या माणसाचा आवाज या पत्रव्यवहारात जवळजवळ नाही. गुलामांचा उल्लेख येतो तो विल्मिंग्टनच्या तटबंदीच्या कामावर किती जण पाठवायचे, त्यांना परत कधी सोडणार आणि हंगाम बुडाल्याचे नुकसान कोण भरणार, याबद्दल मालकांनी केलेल्या तक्रारींत. तटबंदीवर उपाशी राबणाऱ्या माणसाने आपल्या गव्हर्नरला पत्र लिहावे, अशी सोय त्या राज्यात नव्हती. व्हान्स यांच्या नागरी हक्कांवरच्या सुंदर परिच्छेदांबद्दल माझे कौतुक इथे येऊन थांबते.

शेवटचे महत्त्वाचे पत्र 12 एप्रिल 1865 चे आहे आणि ते शत्रूच्या सेनापतीला लिहिलेले आहे. जनरल शर्मन यांचे सैन्य रॉलीच्या वेशीवर आले असताना व्हान्स यांनी त्यांच्याकडे शहरातल्या निराधार रहिवाशांसाठी आणि राज्याच्या धर्मादाय संस्थांसाठी संरक्षण मागितले. राज्य विधानभवन, तिथली ग्रंथालये, संग्रहालय आणि सार्वजनिक दफ्तर आता तुमच्या हाती आहे, ते नष्ट झाले काय किंवा राहिले काय, युद्धात कुणाचाच लाभ नाही, तेव्हा ते वाचावे अशी आशा आहे, असे त्यांनी लिहिले. त्याच रात्री ते शहर सोडून गेले. दुसऱ्या दिवशी शर्मन रॉलीत आले आणि त्यांनी विधानभवनाला हात लावला नाही. व्हान्स यांना 13 मे रोजी, त्यांच्या पस्तिसाव्या वाढदिवशी, स्टेट्सव्हिल येथे अटक झाली आणि जुलैपर्यंत त्यांना वॉशिंग्टनच्या तुरुंगात ठेवले गेले. बारा वर्षांनी ते पुन्हा गव्हर्नर झाले.