निघालंच आहे तर

सुरुवात खालच्या काकांच्या छतावरच्या एका डागापासून झाली. आधी तो बशीएवढा होता, पावसाळा संपेपर्यंत परातीएवढा झाला. काका सज्जन माणूस. एका शब्दानं भांडले नाहीत. फक्त दर रविवारी वर यायचे, आम्हाला खाली घेऊन जायचे, आणि आम्ही सगळे त्यांच्या बाथरूममध्ये माना वर करून उभे राहायचो. मग काकू चहा विचारायच्या. चौथ्या रविवारी तो चहा माझ्या घशाखाली उतरेना.

डोंबिवलीतली आमची इमारत 1986 ची. चार मजले, लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्यावर. त्या काळी बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा जवळजवळ फूटभर खाली टाकायचे, त्यात पाईप बसवायचे आणि वर विटांच्या तुकड्यांची भर घालून कोबा करायचे. पाईपचा एखादा सांधा सुटला की ती भर चहात बुडवलेल्या टोस्टासारखी पाणी पीत राहते. वर फरशी कोरडी ठणठणीत आणि खाली काकांच्या डोक्यावर थेंब. नळ बंद ठेवला तरी साठलेलं पाणी कित्येक दिवस झिरपतच असतं. फरशीच्या सांध्यांत पांढरं सिमेंट भरायचा आमचा उपाय दोन वेळा करून झाला होता. आता सगळं उपसण्याला पर्याय नव्हता.

"फक्त बाथरूम," नवरा म्हणाला.

"21 दिवस," कंत्राटदार म्हणाला.

"मी कुठंही जाणार नाही," सासूबाई म्हणाल्या.

या तिन्हींतलं एकच विधान टिकलं.

खरं तर नणंद बदलापूरहून बोलवत होती. पण आपण समोर असलं की काम नीट होतं, अशी आमच्याकडे पिढीजात समजूत आहे. 'घर पाहावं बांधून' म्हणणाऱ्यानं ते बांधताना आत राहून पाहावं असं काही म्हटलेलं नाही, हे मला फार उशिरा सुचलं.

काम वाढतं ते तीन शब्दांनी. निघालंच आहे तर. बाथरूम निघालंच आहे तर पाईपही बदलून घेऊ. पाईप निघालेच आहेत तर ओट्याखालचेही घ्या. ओटा हलवायचाच आहे तर तो चिरलेला कडप्पा परत कशाला, ग्रॅनाइट बसवू. आणि इतकं सगळं नवं झाल्यावर बाहेरची मोझॅक फरशी काय वाईट दिसेल! हा शेवटचा विचार माझा होता, हे मी लपवणार नाही. नवऱ्यानं मात्र तो सगळ्या नातेवाइकांना सांगितला.

जुने जीआयचे, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचे पाईप बाहेर आले तेव्हा प्लंबरनं एक तुकडा माझ्यासमोर धरला. आत गंजाचे असे थर चढले होते, की पाण्याला पेन्सिल जाईल एवढीच वाट उरली होती. पंधरा वर्षं आम्ही सोसायटीच्या पंपाला आणि दोन सेक्रेटरींना नावं ठेवत होतो. त्यातले एक सेक्रेटरी आता पुण्याला राहतात. त्यांना फोन करावा असं मनात आलं, पण करून काय सांगणार?

घर उपसायला लागलो ते पोटमाळ्यापासून. तिथून भांडी निघाली. किती निघाली हे सांगायची मला लाज वाटते. 540 चौरस फुटांत राहणाऱ्या चार माणसांना सत्तावीस तांब्ये कशाला लागतात? पण प्रत्येकावर नाव घातलेलं होतं, आणि नाव घातलेलं भांडं टाकून देता येत नाही. सासूबाई चष्मा लावून पलंगावर बसल्या आणि एकेक भांडं उजेडात फिरवून वाचू लागल्या. हा डबा त्यांच्या लग्नातला, 1968. हे ताट नवऱ्याच्या मुंजीतलं. ही परात कुणाकडून, ते अक्षर झिजल्यामुळे लागत नव्हतं. त्यावर अर्धा तास गेला. दोन आत्या आणि एक मावशी फोनवरून या तपासात सामील झाल्या. बाहेर ब्रेकर सुरू होता, भिंत थरथरत होती, आणि आत या मोठ्यांदा वाचत होत्या, "चि. सौ. कां... पुढचं दिसत नाही गं." शेवटी ती सगळी भांडी गोणीत भरून बेडरूममध्ये पलंगाखाली गेली. तांब्याचा बंब तेवढा दिवाणखान्यात राहिला, कारण तो कशाच्याच खाली जाईना.

त्यानंतर आमचं सगळं घर म्हणजे ती बेडरूम. फ्रिज कपाटाला टेकून उभा, त्यामुळे कपाटाचं एकच दार उघडायचं. त्या दाराआड नवऱ्याचे कपडे होते. मी दोन महिने चार पंजाबी ड्रेसवर काढले. देव फ्रिजवर. पूजा करताना सासूबाईंना स्टूल लागायचं, आणि दूध काढायचं असेल तर आरती संपेपर्यंत थांबायचं. इंडक्शनची शेगडी शिलाई मशिनवर. लेकाचा अभ्यास जिन्यात. धुळीबद्दल मी काही लिहिणार नाही, ज्यांनी काम काढलंय त्यांना ठाऊक आहे. एवढंच सांगते, की घट्ट झाकणाच्या डब्यातल्या मोहरीलाही ती सापडली.

सकाळी नऊला मिस्त्री आणि त्याची तीन माणसं येत. तेव्हापासून सहापर्यंत घर त्यांचं. मी माझ्याच घरात दारातून विचारून आत जायची. "मॅडम, अभी मत आओ, गीला है." मी परत फिरायची. काम नीट व्हावं म्हणून थांबलेली मी, पण माझ्या देखरेखीत दिवसातून तीनदा चहा करणं आणि "किती दिवस अजून?" विचारणं एवढंच येत होतं. उत्तर ठरलेलं, दोन दिवस. हे दोन दिवस म्हणजे सोमवार-मंगळवार असतात या गैरसमजात मी पहिला पंधरवडा काढला.

मिस्त्री कमी बोलायचा, पण माणूस कसबी होता. पारदर्शक नळीत पाणी भरून तो या भिंतीवरून त्या भिंतीवर लेव्हल न्यायचा. दोन्हीकडचं पाणी थरथरून स्थिर होईपर्यंत श्वासही घ्यायचा नाही. काम बघायला येणारे मात्र सगळे तज्ज्ञ. नवऱ्याच्या मामांनी बाथरूमच्या कच्च्या कोब्यावर मगभर पाणी ओतलं, ते कोपऱ्यात थबकताच "उतार उलटा आहे" असं जाहीर केलं आणि पोहे खाऊन गेले. मिस्त्री बघत राहिला. उतार फरशी बसवताना काढायचा असतो, हे त्यानं मामा जिना उतरल्यावर मला सांगितलं.

आणि मग पाणी भरायचा दिवस आला. सगळी भर उपसून, स्लॅब घासून, त्यावर वॉटरप्रूफिंगचे हात देऊन झाले. पाणी जायच्या तोंडाला बोळा कोंबून वर सिमेंट थापलं आणि चार इंच पाणी भरून ठेवलं. 48 तास. आम्ही वर भिंतीवर खडूनं पाण्याची रेघ मारली. खाली काकांनी स्टुलावर चढून छतावरच्या डागाभोवती पेन्सिलीनं रेघ आखली आणि शेजारी तारीख-वेळ टाकली. काका निवृत्त ड्राफ्ट्समन, रेघ छापल्यासारखी. दर दोन तासांनी वरखाली फोन. "काका, काही?" "आहे तिथंच आहे." रात्री अकराला काकांनी टॉर्च लावून पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी वरची रेघ दोरीभर खाली गेलेली दिसली आणि नवऱ्याचा चेहरा उतरला. उन्हाळ्याची सुरुवात आहे, पाणी हवेतही जातं, असं लेक म्हणाला. त्याच्या दहावीच्या विज्ञानाचा घराला झालेला हा पहिला उपयोग. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे, मिस्त्रीसकट, काकांच्या बाथरूममध्ये माना वर करून उभे राहिलो. डाग पेन्सिलीच्या आत होता. काकूंनी चहा केला. यावेळी मी दोन कप घेतला.

पुढचं सगळं उतरणीला लागल्यासारखं झालं, म्हणजे तरी एक महिना. मोझॅक फोडायची नाही, तिच्यावरच नवी फरशी चढवायची असं ठरलं. राबिटाच्या, म्हणजे फोडलेल्या मालाच्या गोण्या कमी व्हाव्यात म्हणून. एव्हाना 130 गोण्या माणसांच्या पाठीवरून तीन मजले उतरल्या होत्या आणि जिन्यात शेजाऱ्यांच्या नजरेला नजर देववत नव्हती. फरशी वर आली, तेव्हा एकही दार लागेना. सुतार बोलावून सगळी दारं खालून तासून घेतली. निघालंच आहे तर, म्हणून त्यांना रंगही दिला.

58 व्या दिवशी मिस्त्री थापी, ओळंबा, घमेली घेऊन गेला.

समोरच्या काकूंबद्दल सांगायचं राहिलं. आमचं बाथरूम-संडास पाच आठवडे बंद होतं. काकूंनी पहिल्याच दिवशी त्यांच्या घराची किल्ली माझ्या हातात ठेवली, "विचारायला येऊ नका, सरळ या" म्हणून. आम्ही वेळा वाटून घेतल्या होत्या, पावणेसातची सासूबाईंची. बत्तीस वर्षं या दोघी दारासमोर राहतात. हळदीकुंकवाला जातात, वाटीभर साखर देतात-घेतात, बाकी कामापुरतं बोलणं. आता सासूबाई टॉवेल खांद्यावर टाकून जायच्या त्या पाऊण तासानं परत यायच्या. आंघोळीला पाऊण तास लागत नाही हे मला माहीत होतं. चहाचा वास यायचा आणि हसण्याचा आवाज.

आमचं बाथरूम सुरू होऊन तीन आठवडे झाले. नवा शॉवर आहे, पाण्याला जोर आहे, उतार बरोबर आहे. मामांनी येऊन पाहिलाही. सासूबाई पावणेसातला समोर जातात. टॉवेल तेवढा नेत नाहीत.